मोडशी : पोट, नाडी आणि साडेचारशे वर्षांचा एक शोध

१५६३ साली गोव्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापून झाला. त्यात एका रोगाचे वर्णन आहे : रोग्याला उलट्या होतात, जुलाब होतात, अंग थंडगार पडते, गार घाम सुटतो, हातापायांत गोळे येतात आणि नाडी इतकी क्षीण होते की बोटांना जेमतेम लागते. रोगाचे नाव लेखकाने स्थानिक लोकांच्या तोंडून घेतले आहे. ते नाव मराठी-कोकणी आहे : मोडशी. पोट बिघडले की नाडी का सुटते, हा प्रश्न त्या एका शब्दात दडलेला होता. त्याचे उत्तर मिळेपर्यंत चारशे वर्षे उलटली आणि दरम्यान माणसे लाखोंनी मेली. हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

आज मोडशी म्हणजे अपचन, मळमळ, फार तर दोन-चार उलट्या. आजी आल्याचा रस देते आणि दुपारपर्यंत माणूस उठून बसतो. सोळाव्या शतकात या शब्दाला धार होती. ‘मोडणे’ या क्रियापदापासून तो आला असे कोशकार मानतात. अंग मोडून टाकणारा, उभा माणूस काही तासांत कोसळवणारा आजार, असा त्याचा अर्थ. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्दशीं’ केले. पुढे फ्रेंचांच्या कानांवर तो पडला तेव्हा त्यांना त्यात आपल्याच भाषेतले शब्द ऐकू आले आणि त्यांनी ‘मोर द शिएँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे त्याचे रूप करून टाकले. कुत्र्याचा या रोगाशी काडीचाही संबंध नाही. तरीही पुढची कित्येक वर्षे युरोपीय प्रवासी हे नाव गंभीरपणे लिहीत राहिले. कोकणच्या किनाऱ्यावरचा एक साधा शब्द युरोपच्या वैद्यकात असा वेषांतर करून शिरला.

ग्रंथाचा कर्ता गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली मार्तिं आफोंसु द सोझा याच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानात आला आणि परत गेला नाही. गोव्यात त्याने वैद्यकी केली, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी औषधोपचार केले आणि तेथील हकीम-वैद्यांशी वाद घातले. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. मोडशीचे प्रकरण हे त्यातील सर्वांत जिवंत प्रकरणांपैकी एक, कारण तेथे ओर्ता पुस्तकातले सांगत नाही, खाटेजवळचे सांगतो.

त्याच्या आधी वीस वर्षे, १५४३ मध्ये, गोव्यात या रोगाची मोठी साथ येऊन गेली होती. गास्पार कोर्रेया या बखरकाराने तिचे वर्णन केले आहे. तेव्हा गव्हर्नर होता तोच मार्तिं आफोंसु द सोझा. मृतांची संख्या इतकी वाढली की प्रत्येक प्रेतामागे चर्चची घंटा वाजवणे बंद करावे लागले. त्या नादाने जिवंतांचे धैर्य खचत होते. रोगाचे मूळ शोधण्यासाठी एक प्रेत उघडूनही पाहण्यात आले. आत आक्रसलेल्या जठराखेरीज विशेष काही आढळले नाही. रोग पोटाचा आहे, हे त्यावरून पक्के झाले. नाडी का सुटली, याचे उत्तर मात्र चिरलेल्या शरीरात नव्हते. ते शरीराबाहेर वाहून गेले होते.

गोव्यातील वैद्य या रोगावर काय करीत, हेही ओर्ताने लिहून ठेवले आहे. ते मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज पाजत. पायांना डाग देत. गोळे येऊ नयेत म्हणून हातपाय दोरीने आवळून बांधत. डोळ्यांत पिंपळी घालून शुद्ध तपासत. आधुनिक वाचकाला यातील बहुतेक उपाय क्रूर वाटतील. पण दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे. पहिली म्हणजे पेज. तिच्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे. दुसरी म्हणजे पायाचा डाग. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘विसूचिका’ या रोगाचे वर्णन येते. तेथे साध्य अवस्थेतील रोग्याच्या टाचांना डाग द्यावा असे सांगितले आहे. म्हणजे सोळाव्या शतकात गोव्यातील वैद्य जे करीत होते, त्यामागे हजार वर्षांहून जुनी परंपरा उभी होती.

त्याच ठिकाणी सुश्रुताने विसूचिकेची लक्षणे दिली आहेत : मूर्च्छा, अतिसार, उलटी, तहान, शूळ, भोवळ, गोळे, कंप आणि हृदयात वेदना. पोटाच्या रोगाच्या यादीत हृदयाचा उल्लेख सहज आला आहे. मरणाच्या वाटेवरील रोग्याची खूणही आहे : दात, ओठ, नखे काळवंडलेली, डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला. एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही डॉक्टराने पटकीच्या रोग्याचे वर्णन याहून निराळे केले नसते. सुश्रुताची विसूचिका आणि जंतूमुळे होणारी पटकी एकच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तीव्र अतिसाराचे शेवटचे रूप बहुधा असेच दिसते. पण खाटेजवळचे निरीक्षण चोख होते, यात शंका नाही.

नाडीचे काय? चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत नाडीपरीक्षा नाही. ती मध्ययुगात, शार्ङ्गधराच्या संहितेत प्रथम स्पष्टपणे येते आणि येते तीच पचनाचा हात धरून. भुकेल्या माणसाची नाडी चंचल, जेवून तृप्त झालेल्याची स्थिर. अग्नी प्रदीप्त असेल तर हलकी आणि वेगवान, अग्नी मंद असेल तर मंद. थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक. मनगटावरील तीन बोटांनी पोटाचा हाल कळतो, ही कल्पना येथे पूर्ण रूपात दिसते. ‘थांबून थांबून’ हे शब्द वाचताना आजच्या हृदयतज्ज्ञाला काय आठवेल, हे सांगायला नको.

महाराष्ट्रात ही विद्या रुजलेली होती. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंती देवळांमुळे घरोघर माहीत असलेला हेमाडपंत, याने तेराव्या शतकात वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. मोडी लिपी आणि देवळे यांच्या चर्चेत हेमाद्रीचे हे काम नेहमी मागे पडते. एकोणिसाव्या शतकात डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी मुंबईत अष्टांगहृदयाची छापील आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वैद्यांच्या घराण्यांत पोथीरूपाने जपलेले ज्ञान प्रथमच बाजारात विकत मिळू लागले.

आता १८१७. ऑगस्टमध्ये बंगालातील जेस्सोर येथे पटकीची साथ भडकली. नोव्हेंबरमध्ये ती गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या बुंदेलखंडातील छावणीत शिरली. मराठ्यांच्या इतिहासात हा महिना कोणता, ते सांगण्याची गरज नाही : ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. एकीकडे पेशवाईचा शेवट लिहिला जात होता आणि दुसरीकडे विजेत्यांची प्रमुख फौज काही दिवसांत हजारो माणसे गमावत होती. आपण मेलो तर तंबूतच गुपचूप पुरावे, शत्रूला बातमी लागू नये, अशी सूचना हेस्टिंग्जने देऊन ठेवली होती, असे सांगितले जाते. लढाईच्या इतिहासात सेनापतींची नावे येतात. या जंतूचे नाव तेथे क्वचितच येते.

१८१८च्या पावसाळ्यात साथ दख्खनमध्ये उतरली. लष्कर, बाजारबुणगे, बैलांचे तांडे, यात्रेकरू यांच्याबरोबर ती घाटवाटांनी पनवेलकडे आली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पोचली. कोकणपट्टीत रोग पसरायला वाटा तयारच होत्या. कल्याण-भिवंडी ही खाडीकाठची जुनी व्यापारी जोडबंदरे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये ती घेतली, ती याच मोक्याच्या जागेसाठी. ज्या होड्यांतून भात, लाकूड आणि कापड ये-जा करी, त्याच होड्यांतून माणसेही जात आणि माणसांच्या पोटातून रोग. मराठीत या साथीला पटकी हे नाव होते, महामारी होते, जरीमरी होते. घाटावर मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपर्यंत ओढून नेत. मुंबईपासून कल्याणपर्यंत आजही जरीमरीची देवळे आहेत. त्यांच्या पुढून जाणाऱ्या लोकलमधील फार थोड्यांना त्या नावात एका साथीची आठवण आहे हे माहीत असेल.

कंपनीच्या डॉक्टरांनी या रोग्यांवर काय उपाय केला? रक्त काढले. जोडीला कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचे रेचक आणि अफूचा अर्क. शरीरातील रक्ताचा ‘दाब हलका करावा’ हे त्या काळचे सर्वमान्य शास्त्र होते आणि ते करणारे डॉक्टर निर्दय नव्हते, प्रामाणिक होते. १८१९ मध्ये मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेल्या अहवालांत त्यांची धावपळ आणि हतबलता दोन्ही दिसतात. पण ज्याचे पाणी आधीच संपत आले आहे त्याचे रक्त काढणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोट चालवणे. शीर कापली तरी रक्त वाहत नसे. ते काळे, दाट, काकवीसारखे झालेले असे. हीच खूण पुढे कामाला आली.

१८३१ साली साथ इंग्लंडात पोचली. विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी या अवघ्या बावीस वर्षांच्या आयरिश डॉक्टराने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रक्तातले पाणी घटलेले होते, क्षार घटलेले होते आणि जे रक्तात कमी होते ते जुलाबात सापडत होते. त्याने सुचवले की गेलेले पाणी आणि क्षार शिरेतून परत द्यावेत. आजच्या सलाइनचा उगम येथे आहे. काही महिन्यांतच, १८३२ मध्ये, स्कॉटलंडमध्ये टॉमस लाटा याने हे करून पाहिले. त्याची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती, मरणाच्या दारात असलेली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर द्रव तिच्या शिरेत गेला. डोळे वर आले, त्वचेला रंग आला, हरवलेली नाडी परत लागली. लाटा तिला दुसऱ्याच्या स्वाधीन करून विश्रांतीला गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, द्रव पुन्हा देण्यात आला नाही आणि साडेपाच तासांत ती वारली. पाणी परत दिले तर नाडी परत येते, हे जगाने येथे पाहिले होते. तरीही ही पद्धत मागे पडली. द्रव निर्जंतुक नसे, पुरेसा दिला जात नसे आणि बहुतेक वेळा तो अगदी मरणोन्मुख रोग्यालाच दिला जाई. लाटा स्वतः १८३३ मध्ये गेला.

ओ’शॉनेसीचे पुढे काय झाले, हे या कथेतील एक विचित्र वळण आहे. तो १८३३ मध्ये कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, म्हणजे ज्या भूमीत ही साथ दरवर्षी डोके वर काढी तेथेच. तेथे तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला, गांजाच्या औषधी गुणांवर त्याने काम केले आणि मग त्याला विजेच्या तारेने पछाडले. कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणारी हिंदुस्थानातील पहिली तारयंत्रणा उभारणारा हाच माणूस. ज्याने सलाइनची कल्पना दिली त्याला इतिहास तारवाला म्हणून ओळखतो. त्याने उरलेले आयुष्य पटकीवर घालवले असते तर काय झाले असते, हा विचार चुकत नाही.

आता एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण तो न केल्यास पुढचे सारे धूसर राहील. नाडी क्षीण होणे वेगळे आणि नाडी अनियमित होणे वेगळे. पटकीच्या रोग्याला तासाला एक लिटरपर्यंत जुलाब होऊ शकतो. रक्तवाहिन्यांतील द्रव घटतो, दाब कोसळतो आणि उरलेले थोडे रक्त फिरवण्यासाठी हृदय वेगाने धडपडते. ओर्ताला लागलेली ती क्षीण नाडी मुख्यतः पाण्याच्या अभावाची होती. पण पाणी परत देऊनही काही रोगी अचानक मरत. त्यांची नाडी आधी भरून येई, मग अडखळे, ठोके चुकत आणि हृदय थांबे. हे दुसरे मरण पाण्याचे नव्हते. त्याचे उत्तर लंडनमध्ये एका बेडकाच्या हृदयातून मिळाले.

सिडनी रिंगर हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातील डॉक्टर. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून ते कोणत्या द्रवात किती वेळ धडधडत राहते, याचे प्रयोग तो करीत असे. १८८२ मध्ये त्याने लिहिले की साध्या मिठाच्या पाण्यात हृदय छान चालते. पुढे तोच प्रयोग पुन्हा करताना हृदय काही मिनिटांतच ढेपाळू लागले. घोटाळा कोठे होता? शोध घेतल्यावर कळले की पहिल्या वेळी द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात न करता नळाच्या पाण्यात केले गेले होते. ते पाणी लंडनच्या न्यू रिव्हर वॉटर कंपनीचे होते आणि त्यात कॅल्शियम होते. १८८३ मध्ये रिंगरने ही चूक स्वतःच छापून जाहीर केली. वैद्यकाच्या इतिहासात इतकी फलदायी चूक शोधूनही सापडणार नाही. कॅल्शियमशिवाय हृदय आकुंचन पावत नाही. नुसते कॅल्शियम असेल तर ते आकुंचन पावलेलेच राहू पाहते. त्याला सैल सोडण्यासाठी पोटॅशियम लागते, आणि पोटॅशियम जास्त झाले तर हृदय सैल अवस्थेतच थांबते. हृदयाची लय ही क्षारांच्या अत्यंत नाजूक तोलावर उभी आहे, हे येथे प्रथम दिसले.

पोट आणि हृदय यांना जोडणारा दुवा तो हाच. आतड्यातून वाहणाऱ्या जुलाबात नुसते पाणी आणि मीठ नसते. पोटॅशियम असते, शिवाय शरीराची आम्लता आवरून धरणारे बायकार्बोनेटही असते. बायकार्बोनेट गेले की रक्त आम्ल होते आणि त्यामुळे पेशींच्या आतील पोटॅशियम रक्तात बाहेर पडू लागते. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण सुरुवातीला कमी दिसत नाही. मग डॉक्टर सलाइन आणि सोडा देतो, आम्लता ओसरते, पोटॅशियम पुन्हा पेशींत शिरते आणि रक्तातील साठा एकाएकी उघडा पडतो. हृदय अडखळते ते तेव्हा. म्हणजे अपुरा उपचार रोग्याला पाण्याच्या संकटातून वाचवून क्षाराच्या संकटात ढकलू शकत होता. हे गणित समजायला विसावे शतक निम्मे सरावे लागले.

दरम्यान रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू निश्चित केला. शहरांना स्वच्छ पाणी देण्याची कामे सुरू झाली. मुंबईसाठी तानसाचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. त्याचे मोठे नळ भिवंडी तालुक्यातून जातात. शेजारच्या भिवंडी गावाचा मोठा आधार वऱ्हाळा तलाव हाच होता. पाण्याच्या इतिहासात नळ कोणाच्या अंगणातून जातो आणि कोणाच्या घरात उघडतो, या दोन निराळ्या गोष्टी असतात. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने १९०८च्या सुमारास जास्त क्षाराचे सलाइन मोठ्या प्रमाणात वापरून रुग्णालयातील मृत्यू साधारण निम्म्यावर आणले आणि पुढे त्यात अल्कलीची जोड दिली. उरलेल्या निम्म्यांतील कित्येकांच्या मरणात पोटॅशियमचा हात असणार. पण रोग्याच्या रक्तातील पोटॅशियम झटपट मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते.

ते साधन येऊ लागले १९४०च्या दशकात. त्याच दशकात अमेरिकेत डॅनिअल डॅरो याने जुलाबाने कोमेजलेल्या तान्ह्या मुलांचा अभ्यास केला. त्यांच्या शरीरातून पोटॅशियम मोठ्या प्रमाणात गेलेले असते, आणि ते सलाइनमधून जपून परत दिले तर मुले वाचतात, हे त्याने दाखवले. रिंगरच्या द्रावणात लॅक्टेट घालण्याची कल्पना त्याआधीच, १९३०च्या दशकात, ॲलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने अमलात आणली होती. आज महाराष्ट्रातील कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात जुलाबाने खंगलेल्या रोग्याला जी ‘आरएल’ची बाटली लावतात ती हीच : रिंगर लॅक्टेट. बाटलीवर ज्याचे नाव आहे तो माणूस जुलाबावर काम करीत नव्हता, बेडकाचे हृदय चालू ठेवू पाहत होता. पोटाच्या रोग्याला हृदयाचे पाणी मिळते आणि देणाऱ्या-घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

येथे एका शेजारच्या वाटेचा उल्लेख करून पुढे जावे. पोट फुगले की छाती धडधडते, हा अनुभव पटकीहून कितीतरी सौम्य आणि कितीतरी सार्वत्रिक आहे. चरकाने पित्तज हृद्रोगाच्या कारणांत आंबट, खारट, तिखट अन्न आणि अजीर्णावर केलेले भोजन सांगितले आहे, तर लक्षणांत हृदयात दाह, तोंडाला कडूपणा आणि आंबट-कडू ढेकर दिले आहेत. आजचा वाचक याला ॲसिडिटी म्हणेल. ग्रीक भाषेत तर ‘कार्दिया’ हा एकच शब्द हृदयालाही होता आणि जठराच्या तोंडालाही. ग्रीकांचा आणि आपल्या वैद्यांचा गोंधळ एकाच जागी व्हावा, याचे कारण साधे आहे : अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून उतरते. लुडविग रोमहेल्ड या जर्मन डॉक्टराने १९१२ मध्ये या तक्रारींना शास्त्रीय चौकट देण्याचा प्रयत्न केला. वायूने फुगलेले जठर पडद्याला वर ढकलते आणि हृदयाची लय बिघडवते, असे त्याचे म्हणणे. जठर आणि हृदय या दोन्हींना जाणारी व्हेगस ही मज्जातंतूची जोडी ही त्यातील आजची अधिक पटणारी दुवा-कल्पना. या मताला वैद्यकाने पुरते स्वीकारलेही नाही, पुरते टाकलेही नाही. याच्या उलट चूक मात्र आजही प्राण घेते : हृदयविकाराच्या झटक्याला ‘गॅस’ समजून सोडा पीत घरी बसणे. शब्दांचा जुना गोंधळ येथे अजून जिवंत आहे.

परत मोडशीकडे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. दिलीप महालनबीस यांच्याजवळ सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या, रोगी जमिनीवर पडलेले होते. साखर असली की आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते आणि ढाक्यात रुग्णांवर तपासलेही गेले होते. महालनबीसांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या कलकत्त्यात बांधून घेतल्या, पाणी पिंपांत कालवले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवले. या छावणीतील मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. आधी ते ३०च्या घरात होते. ओर्ताच्या गोव्यातील ती तांदळाची पेज येथे आठवते. भाताच्या पिठूळपणातून साखर हळूहळू सुटते, पेजेत मीठ पडले की तेच काम होते. १९८०च्या दशकात तांदळाच्या पेजेवर आधारलेल्या द्रावणांच्या चाचण्या झाल्या आणि पटकीत ती उत्तम ठरली. गोव्यातील वैद्यांना कारण ठाऊक नव्हते. उपाय मात्र त्यांच्या चुलीवर होता, आणि तो डागण्याच्या सळईशेजारीच होता. कोणता उपाय रोग्याला वाचवतो आणि कोणता नुसता छळतो, हे वेगळे करण्याची रीत त्यांच्याजवळ नव्हती. ती १८१८ मधील मुंबईच्या डॉक्टरांजवळही नव्हती.

बनगावच्या पुडीत एक वस्तू नव्हती : पोटॅशियम. युद्धाच्या धामधुमीत कमीत कमी घटकांत जास्तीत जास्त जीव वाचवायचे होते आणि तो निर्णय योग्यच ठरला. पण जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरासाठी जे सूत्र स्वीकारले त्यात चौथा घटक आला : लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. नंतर सोड्याची जागा सायट्रेटने घेतली. २००२ मध्ये सूत्र पुन्हा बदलले, मीठ ३.५ ग्रॅमवरून २.६ वर आले, ग्लुकोज २० ग्रॅमवरून १३.५ वर. पोटॅशियमचा दीड ग्रॅम तेवढा तसाच राहिला. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात तो नसतो. शहाळ्यात असतो, केळ्यात असतो, डाळीच्या पाण्यात थोडा असतो. भिवंडीत यंत्रमागांच्या गल्लीतील औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीमागे बारीक अक्षरांत घटकांची यादी छापलेली असते. त्या यादीत पोटॅशियम क्लोराइड हे नाव वाचायला मिळते.